डायनोवर दर रनला वेगळीच पॉवर येतेय? बोनेट उघडायच्या आधी हे तपासा

गाडी तीच, पेट्रोल तेच, पाय पूर्ण दाबलेला, तरी डायनोच्या पहिल्या रनला, म्हणजे मोजणीच्या पहिल्या फेरीला, १२४ एचपी, दुसऱ्याला १३०, तिसऱ्याला परत १२६ आणि पाचव्याला थेट ११९. हे बघितलं की कुणीतरी म्हणतंच की ट्यूनिंग गंडलंय, दुसरा म्हणतो इंजेक्टर गेले, आणि तिसरा पाना घेऊन प्लग काढायला बसतो. मी बरीच वर्षं चॅसिस डायनोच्या, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून पॉवर मोजणाऱ्या मशीनच्या, रोलरवर गाड्या चढवतोय आणि ही एकच तक्रार इतक्यांदा निस्तरलीय की आता माझा एक क्रम ठरून गेलाय. बहुतेक वेळा गाडीला काहीच झालेलं नसतं, मोजण्यात गडबड असते. आणि मोजणंच डळमळीत असेल तर त्याच्या भरवशावर केलेलं ट्यूनिंग पण डळमळीतच, म्हणून कळकळीने सांगतो, आधी आकडा जागेवर आणा, मग गाडीला हात लावा.

सगळं सारखं ठेवलं तर लागोपाठच्या रनमध्ये एक-दोन टक्के फरक चालतो. म्हणजे १३० एचपीच्या गाडीला दोन-अडीच एचपी इकडेतिकडे. त्याच्या पलीकडे गेलं की शोधायला लागायचं.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कुठलं ते आधी ओळखा, कारण पुढचं अर्धं काम तिथेच होतं.

- आकडे वरखाली होतायत, त्यात काही क्रमच नाही
- पहिला रन कमी, दुसरा-तिसरा चांगला, आणि मग प्रत्येक रनला थोडी थोडी उतरण
- पॉवर दर वेळी सारखी पण टॉर्क भलताच, कधी तर अर्धा किंवा दुप्पट
- ग्राफची रेघ मध्येच करवतीच्या दातांसारखी
- ठरावीक आरपीएमला पॉवर धाडकन पडते, दर वेळी तिथेच
- आजचे रन आपापसात जुळतात पण मागच्या महिन्याच्या कागदाशी जुळत नाहीत

एक गोष्ट लक्षण नाही पण लोक तीच घेऊन येतात. कंपनी गाडीची पॉवर सांगते ती इंजिनच्या फ्लायव्हीलवरची, आणि चॅसिस डायनो मोजतो चाकावरची. गिअरबॉक्स, डिफरेन्शियल, बेअरिंग, टायर हे सगळे आपापला वाटा खातात, म्हणून चाकावर आकडा कमी येणारच. त्यावर सरसकट पंधरा टक्के चढवून इंजिनची पॉवर काढतात ते मला पटत नाही, कारण हे नुकसान प्रत्येक गाडीचं, प्रत्येक गिअरचं आणि तेलाच्या प्रत्येक तापमानाचं वेगळं असतं. तुलना करायची तर चाकावरच्या आकड्याची चाकावरच्या आकड्याशीच करा.

आधी कागद वाचा, याला काहीच लागत नाही

दोन प्रिंट शेजारी ठेवा आणि कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा. एकक एकच आहे का? १०० एचपी म्हणजे १०१.४ पीएस, आणि किलोवॅटमध्ये ७४.६. मग करेक्शन बघा. हवेचं तापमान आणि दाब बदलला की इंजिनला मिळणारा ऑक्सिजन बदलतो, म्हणून डायनोचं सॉफ्टवेअर मोजलेला आकडा एका ठरलेल्या हवेला आणून दाखवतं, पण ती ठरलेली हवा प्रत्येक पद्धतीची वेगळी आहे. एसएई जे १३४९ धरतं २५ अंश सेल्सिअस आणि ९९० मिलिबार कोरडी हवा. जुनी एसटीडी पद्धत धरते साधारण साडेपंधरा अंश आणि १०१३ मिलिबार, म्हणजे जास्त थंड आणि दाट हवा, त्यामुळे तिच्यात आकडा एसएईपेक्षा साधारण चार टक्के मोठा दिसतो. १३० च्या गाडीला सरळ पाच एचपी, एकही नट न फिरवता. डीआयएन परत वेगळी, २० अंश आणि १०१३.

स्मूदिंग, म्हणजे ग्राफची रेघ गुळगुळीत करणं, ते पण बघा. एका प्रिंटला ते जास्त आणि दुसऱ्याला कमी असेल तर कमीवाल्यात शेंडे उंच दिसणार. शक्य असेल तर करेक्शन बंद, स्मूदिंग कमीत कमी, असे कच्चे आकडे काढून बघा. कच्चे आकडे जुळतायत आणि करेक्टेड जुळत नाहीत, तर चोर हवामानाच्या सेन्सरमध्ये लपलाय, त्याच्यावर खाली लिहिलंय.

गाडीत बसून होणारी कामं

एसी बंद, लाइट आणि मागच्या काचेचा हीटर बंद, आणि बॅटरी चार्ज असलेली, कारण उतरलेली बॅटरी भरायला अल्टरनेटर इंजिनकडूनच पॉवर ओढतो. गिअर दर वेळी तोच, १:१ च्या सगळ्यात जवळचा, बऱ्याच पाच गिअरच्या गाड्यांत तो चौथा असतो. तिसऱ्यात मारलेला रन आणि चौथ्यात मारलेला रन एकमेकांशी लावूच नका, कारण खालच्या गिअरमध्ये इंजिन झपाट्याने वर जातं आणि फ्लायव्हील, गिअर, शाफ्ट यांना वेग द्यायलाच जास्त पॉवर खर्ची पडते, रोलरपर्यंत कमी पोचते. लोड देणाऱ्या, म्हणजे रोलरला ब्रेक लावणाऱ्या डायनोवर हाच खेळ रॅम्पच्या वेळेचा, म्हणजे आरपीएम खालून वर न्यायच्या वेळेचा आहे, सहा सेकंदांचा रॅम्प आणि बारा सेकंदांचा रॅम्प सारखं बोलत नाहीत.

ऑटोमॅटिक असेल तर गिअर लॉक करून ठेवा, मध्येच किकडाऊन झाला, म्हणजे गाडीने स्वतःच खालचा गिअर टाकला, की तो रन फेकून द्या.

ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी (चाकं घसरू नयेत म्हणून गाडी आवरणाऱ्या यंत्रणा) बटणाने बंद करून भागतंच असं नाही. दोन चाकांच्या डायनोवर एका अ‍ॅक्सलची चाकं १३० ने फिरतायत आणि दुसऱ्याची उभी, हे बघून बऱ्याच नवीन गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गुपचूप थ्रॉटल मिटतो. "ठरावीक ठिकाणी धाडकन पडते" या लक्षणाचं हे मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण आहे. ओबीडीवर, म्हणजे गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टवर, दोन गोष्टी शेजारी ठेवून लॉग करा, पेडल किती दाबलंय आणि थ्रॉटलची झडप किती उघडलीय. पेडल शंभर टक्के आणि झडप साठ, म्हणजे गाडी स्वतःच आवरतीय. काही गाड्यांना यासाठी वेगळा डायनो मोड असतो, तो मॅन्युअलमध्ये किंवा डायग्नोस्टिक स्कॅनरमध्ये शोधायचा. आणि कायम चारही चाकांना ताकद जाणारी गाडी दोन चाकांच्या डायनोवर चढवूच नका, मधलं कपलिंग जळतं.

उष्णता, म्हणजे दुसऱ्या लक्षणाची गोष्ट

पहिला कमी, मधले चांगले, मग उतरण, हा आकार दिसला की मला हायसं वाटतं, कारण इथे शोधायला फार काही नसतं. सुरुवातीला गिअरबॉक्सचं तेल गार आणि घट्ट असतं, टायर गार असतात, म्हणून पहिला रन कमी. तेल तापून पातळ झालं की आकडा वर चढतो. आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने बोनेटखालची हवा तापत जाते, इनटेकचे पाइप, मॅनिफोल्ड, टर्बो असेल तर इंटरकूलर सगळं भाजून निघतं, गरम हवा विरळ असते आणि वर ईसीयू नॉकिंगच्या (मिक्स्चर आपोआप भडकण्याच्या) भीतीने टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो, म्हणून मग उतरण. दोन्ही एकाच वेळी चालू असतं, त्यामुळे मधला रन "खरा" आणि बाकीचे "खोटे" असं काही नाही.

उपाय साधा आहे पण धीर लागतो. दोन-तीन रन नुसते तापवायला मारा आणि ते मोजूच नका. त्यानंतर प्रत्येक रन एकाच कूलंट तापमानाला आणि एकाच इनटेक तापमानाला सुरू करा, ओबीडीवर दोन्ही दिसतात. समजा ९० आणि ३८ ठरवलं तर दर वेळी ९० आणि ३८, मग मध्ये चार मिनिटं थांबायला लागो नाहीतर दहा. घड्याळ बघून थांबू नका, तापमान बघून थांबा.

फॅनच्या बाबतीत लोक फार कंजूषपणा करतात. ताशी १२० ने जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर सेकंदाला ३३ मीटर वेगाने हवा येते, साध्या पंख्याला ते जमणं शक्य नाही. फॅन मोठा हवा, दर वेळी त्याच जागी आणि त्याच अंतरावर हवा, त्यासाठी जमिनीवर खडूने खूण करून ठेवा. एक्झॉस्टचा धूर बाहेर खेचणारा पाइप नीट लागलाय का हे पण आत्ताच बघा. धूर खोलीत फिरून परत इनटेकमध्ये गेला की ऑक्सिजन कमी, पॉवर कमी, आणि ती प्रत्येक रनला अजून कमी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कुणाचंही डोकं दुखायला लागलं, गरगरलं, की इंजिन बंद, दार उघडा, सगळे बाहेर. त्या दिवशी परत रन नाही.

हवामानाचा सेन्सर कुठे ठेवलाय?

एकाची गाडी होती, नवीन एअर फिल्टर लावून आणलेली, आणि फिल्टर लावल्यावर पॉवर जवळजवळ तीन एचपीने कमी दिसली. तो बिचारा फिल्टर परत करायला निघाला होता. दोन्ही दिवसांचे कच्चे आकडे काढले तर फरक जेमतेम अर्धा एचपी. मग करेक्शनचा आकडा बघितला, आधीच्या दिवशी १.०३१ आणि आज १.०१०. हवेचा दाब दोन्ही दिवशी ९९० च्या आसपास, पण तापमान आधीच्या दिवशी ४१ आणि आज ३०. खोलीत ४१ अंश कधीच नव्हतं. सेन्सरची डबी आधीच्या दिवशी रेडिएटरच्या बाजूला टेकवलेली होती, गरम हवेच्या झोतात, आणि मध्ये कुणीतरी झाडताना उचलून भिंतीपाशी ठेवली होती.

सॉफ्टवेअरला वाटलं इंजिन ४१ अंशांच्या विरळ हवेत चाललंय, म्हणून त्याने आकडा जास्त फुगवला. जे १३४९ च्या सूत्राने ११ अंशांची ही चूक दोन टक्क्यांवर जाते, १३० च्या गाडीला पावणेतीन एचपी. म्हणजे आजचा आकडा बरोबर होता आणि आधीचा फुगलेला होता, फिल्टरने काही बिघडवलं नव्हतं.

म्हणून सेन्सर इनटेक जिथून हवा घेतो त्याच्या आसपास, पण उन्हात नाही, इंजिनच्या झोतात नाही, आणि दर वेळी तिथेच. शेजारी एक साधा थर्मामीटर लटकवून ताळा करा. करेक्शन सात टक्क्यांच्या बाहेर, म्हणजे ०.९३ च्या खाली किंवा १.०७ च्या वर जात असेल तर तो रन धरू नका. टर्बोच्या गाड्यांना हे करेक्शन आणखी जपून वापरा, कारण बूस्टवर, म्हणजे आत ढकललेल्या हवेच्या दाबावर, कंट्रोल असलेला टर्बो हवेची कमी स्वतःच बरीचशी भरून काढतो आणि वर सॉफ्टवेअर परत तीच भर घालतं, आकडा उगाच फुगतो.

टायर आणि पट्टे

क्रम नसलेली वरखाली आणि करवतीचे दात, या दोघांचा उगम जास्त करून इथे. टायरमधली हवा गार असताना कंपनीच्या स्टिकरप्रमाणे, दोन्ही बाजूंना सारखी. कमी हवेचा टायर रोलरवर जास्त चेपतो, तापतो आणि पॉवर खातो. खाचेत अडकलेले खडे काढा, ते १३० च्या वेगाला गोळीसारखे उडतात. आणि जुना, तडे गेलेला टायर दिसला तर तिथेच थांबा, रन नाही.

गाडी डायनोवर बांधून ठेवणारे पट्टे सैल असले की चाक घसरतं, अति आवळले की टायर रोलरमध्ये रुततो आणि आकडा कमी येतो. पट्ट्याचा ताण हाताने अंदाजाने सांगता येत नाही, म्हणून मी टेप घेऊन मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजतो, पट्टे बांधल्यावर डावी-उजवी दोन्हीकडे, आणि वहीत लिहून ठेवतो. पुढच्या वेळी गाडी तेवढीच खाली ओढायची, तेवढ्याच मिलिमीटरपर्यंत. पुढच्या चाकांच्या गाडीला बाजूचे पट्टे फुली मारून बांधा नाहीतर ती रोलरवर डावीउजवीकडे सरकत राहते.

आता घसरतंय का हे कसं कळणार? गिअर एकच आहे म्हणजे इंजिनचे आरपीएम आणि रोलरचा वेग यांचा भागाकार पूर्ण रनभर जवळजवळ सारखाच यायला पाहिजे. समजा ३००० ला ताशी ९० दाखवतोय, भागाकार ३३.३. मग ४५०० ला १३५ दाखवायला हवा. १३१ दाखवला तर भागाकार ३४.४ झाला, म्हणजे तीन टक्के कुठेतरी निसटतंय. एखादा टक्का टायरच्या लवचिकपणात जातो, तो सोडून द्या. हा भागाकार ज्या आरपीएमला टॉर्क सगळ्यात जास्त तिथेच वर उचलला गेला की निदान पक्कं.

पण निसटतंय कोण, टायर का क्लच? ओबीडीवरून गाडीच्या चाकाचा वेग घ्या. चाक इंजिनबरोबर बरोबर चाललंय आणि रोलर मागे राहतोय, तर टायर. चाकच इंजिनच्या मागे राहतंय, तर क्लच. टायर असेल तर पट्टा थोडा आवळून, टायर आणि रोलर पुसून परत बघा. क्लच असेल तर पट्टे कितीही आवळा, फरक पडणार नाही, आणि रन मारत राहिलात तर प्लेट जळेल. इथे थांबा आणि गाडी मेकॅनिककडे द्या.

पॉवर बरोबर, टॉर्क भलताच

हा आरपीएमच्या सिग्नलचा दोष, दुसरं काही नाही. डायनोला पॉवर काढायला इंजिनचे आरपीएम लागतच नाहीत, रोलरचं वजन आणि तो किती झपाट्याने वेग घेतो, किंवा ब्रेकवाल्या डायनोत लोड सेलवरचा (जोर मोजणाऱ्या सेन्सरवरचा) जोर आणि रोलरचा वेग, एवढ्यावर पॉवर निघते. आरपीएम लागतात ते त्या पॉवरमधून इंजिनचा टॉर्क काढायला. म्हणून पिकअपने, म्हणजे प्लगच्या वायरवरून आरपीएम वाचणाऱ्या क्लॅम्पने, दुप्पट आरपीएम दाखवले की पॉवर तीच राहते आणि टॉर्क निम्मा होतो. ज्या गाड्यांत प्लग प्रत्येक फेऱ्याला ठिणगी टाकतो आणि सेटिंग मात्र दोन फेऱ्यांना एक असं असतं तिथे नेमकं हेच होतं.

ताळा सोपा आहे. एचपी आणि पाउंड-फूट एकाच पट्टीवर काढलेल्या दोन रेघा ५२५२ आरपीएमलाच एकमेकींना छेदल्या पाहिजेत, कारण जेम्स वॉटचा घोडा म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड, आणि त्याला ६.२८३२ ने भागलं की ५२५२ येतात. किलोवॅट आणि न्यूटन-मीटर असेल तर टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९५४९ करून बघा. जुळलं नाही तर सेटिंग किंवा सॉफ्टवेअर बघा. पण हा ताळा बरोबर आला म्हणजे आरपीएम खरे आहेत असं नाही, चुकीच्या आरपीएमवर काढलेला टॉर्क पण याच गणितात बसतो, म्हणून डायनोच्या स्क्रीनवरचे आरपीएम गाडीच्या मीटरशी लावून घ्याच. क्लॅम्प असेल तर तो दुसऱ्या वायरपासून लांब न्या. डिझेलला ठिणगीचा प्लगच नाही, तिथे ओबीडीवरून घ्यायचे, फक्त ते थोडे उशिरा येतात, रन फार झटपट असेल तर टॉर्कची रेघ सरकलेली दिसते.

इथवर सगळं ठीक, तरी आकडा हलतोय

आता कुठे गाडीकडे वळायचं. रन संपवून गाडी ब्रेक न मारता आपोआप थांबू द्या आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने रोलरवरच्या दोन्ही चाकांच्या डिस्क बघा, एक दुसरीपेक्षा बरीच गरम असेल तर कॅलिपर अडकतोय. मग टायमिंगचा लॉग. इनटेक तापमान सारखं असून ईसीयू प्रत्येक रनला टायमिंग मागे घेतोय म्हणजे त्याला नॉकिंग ऐकू येतंय, पेट्रोल, प्लग किंवा मॅप (ईसीयूतलं ट्यूनिंग) बघायला लागेल.

नॉकिंग तुमच्या कानाला ऐकू आली, बूस्टमध्ये मिक्स्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) दिसलं, कूलंटचं तापमान चढायला लागलं, तर पाय लगेच उचला. "अजून एक रन मारून बघू" म्हणून पिस्टन वितळलेले बघितलेत मी. हे काम ट्यूनरचं आहे, अंदाजाने करायचं नाही.

शेवटी मशीन. यासाठी एक ओळखीची, न बदललेली गाडी ठरवून ठेवा आणि तिचे तीन रन अधूनमधून मारून तारखेसकट जपून ठेवा. तिचा पण आकडा दोन टक्क्यांच्या पलीकडे सरकला तर दोष डायनोचा. लोड सेलचं कॅलिब्रेशन ठरलेल्या लांबीच्या दांड्यावर प्रमाणित वजन टांगून करतात, ते नुसतं तपासायला हरकत नाही, पण आकडा चुकला म्हणून सॉफ्टवेअरमध्ये रोलरचं इनर्शिया किंवा लोड सेलचा गुणक स्वतः फिरवून "बरोबर" करू नका, मागचे सगळे कागद वाया जातात. रोलरच्या बेअरिंगचा घरघराट, रोलर थरथरणं, पट्ट्याचा हूक जमिनीत हलणं, यातलं काहीही दिसलं की वीज बंद करा आणि डायनो बसवणाऱ्या तंत्रज्ञालाच बोलवा. तो येईपर्यंत गाडी चढवायची नाही आणि गाडीच्या पुढेमागे कुणी उभं राहायचं नाही, जे चालू डायनोवर एरवीही नाहीच राहायचं.

त्याला बोलावताना हातात तीन कागद तयार ठेवा, ओळखीच्या गाडीचे जुने रन, आजचे कच्चे रन, आणि आरपीएम भागिले रोलरचा वेग हा पूर्ण रनचा लॉग. एवढं असलं की तो तुम्हाला गाडीबद्दल प्रश्न विचारत बसत नाही, सरळ लोड सेलपासून सुरुवात करतो.